सोळाचे पाऊण

तुम्हाला सांगतेय ते अजून कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. आईच्या नाही, मैत्रिणीच्या नाही — तसं माझं फारसं कुणाशी बोलणं होतही नाही. लिहिताना बरं असतं, समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही.

आधी एक सांगते. मी माझ्या कामात चांगली आहे. हे म्हणायची पूर्वी लाज वाटायची, आता वाटत नाही. मंचरच्या एका छापखान्यात मी पानं लावते — पत्रिका, अहवाल, यात्रेची हँडबिलं. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर मी केलेला तक्ता आहे: डावीकडे पिक्सेल, उजवीकडे पॉइंट. पिक्सेल हे स्क्रीनवरच्या अक्षराचं माप, पॉइंट हे कागदावरच्या. सोळा पिक्सेल — बारा पॉइंट. चोवीस — अठरा. बत्तीस — चोवीस. नारायणगावच्या प्रेसवाल्यांनीसुद्धा त्याचा फोटो काढून नेलाय. खाली माझं नाव आहे. ते मीच टाकलंय.

तर तो तक्ता कशातून झाला, ते सांगायचंय. की आधी किसनमामांबद्दल सांगू?

किसनमामा आमचे मशीनवाले, अवसरी बुद्रुकचे. शिशाचे खिळे एकेक उचलून अक्षरं जुळवायचे, त्या काळापासून छापखान्यात. कुठलाही छापील कागद हातात द्या, मामा एकदा बघायचे नि म्हणायचे, "धा पॉइंट. वरचं नाव चौदा." पट्टी लावली की तेवढंच निघायचं. लोक मुद्दाम पैज लावायला यायचे. जिंकल्यावर मामा हसायचेही नाहीत, नुसतं मिशीवरून बोट फिरवायचे. मला ते फार आवडायचं. अभिमान असावा तर असा, वाटायचं — न बोलता.

मी तेव्हा नवी होते. महाळुंगे पडवळहून स्कूटीवर यायचे, मान खाली घालून काम करायचे. इंग्लिश मीडियमची म्हणून सगळे मॅडम म्हणायचे. आणि या मॅडमला मराठी आकडे धड येत नव्हते. एकोणसाठ म्हटलं की मी मनातल्या मनात मोजत बसायचे. सव्वा, पाऊण, पावणेदोन — इथे तर नुसतं 'हो हो' म्हणून वेळ मारून न्यायचे. हसाल तुम्ही. पण जन्मापासून घरात मराठी बोलणाऱ्या मुलीनं 'पाऊण म्हणजे किती' हे विचारायचं कुणाला?

अवसरीच्या भजनी मंडळाच्या बायका भजनांची वही छापायला आल्या. सगळ्या वयस्कर, त्यामुळे अक्षर मोठं हवं होतं. मामांनीच सांगितलं, सोळा पॉइंट ठेवा. मी सोळा ठेवलं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये पान लावत होते त्यात सोळा म्हणजे सोळा पिक्सेल, हे मी बघितलंच नाही. मला फक्त आकडा दिसला.

दुसऱ्या दिवशी बायका नमुन्याचं पान बघायला आल्या. मामांनी ते हातात घेतलं.

"मॅडम, हे सोळा न्हाई. बारा हाय."

"सोळाच आहे, मामा. स्क्रीनवर बघा ना."

"स्क्रीनवर काय बी असू द्या. कागदावर पाऊण पट उतरलंय."

पाऊण पट. म्हणजे मोठं? की लहान? मला कळलं नाही. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. विचारता आलं असतं. मी काय म्हणाले? म्हणाले, "मामा, एकदा डोळे तपासून घ्या."

इतक्या मोठ्यानं मी त्या छापखान्यात कधी बोलले नव्हते.

बायका हसल्या. त्यातली एक मामांची भावजय. ती म्हणाली, "आवं भावजी, आमी समद्या चष्मं लावून देवाला आळवतो, तुमालाच कसली लाज?" पुन्हा हसू. मामांच्या गावच्या बायका त्या. मामांनी पान टेबलावर ठेवलं आणि मशीनकडे गेले.

एवढंच असतं तर कदाचित मी लिहिलं नसतं.

दुपारी डबा खाता खाता मी फोनवर शोधलं. एका इंचात शहाण्णव पिक्सेल, एका इंचात बहात्तर पॉइंट. भागाकार केला — शून्य पूर्णांक पंच्याहत्तर. मग 'पाऊण' शोधलं. चारातले तीन भाग. सोळाचे पाऊण, बारा. माझ्या कॅल्क्युलेटरनं जे सांगितलं ते मामा सकाळीच नुसत्या नजरेनं सांगून गेले होते.

ते दहा पावलांवर मशीन पुसत होते. उठून सांगायला किती वेळ लागला असता?

मी फाइल उघडली, कागदावर खरे सोळा पॉइंट उतरावेत म्हणून सोळा पिक्सेलचं एकवीस पूर्णांक तेहतीस केलं, वाढलेली पानं जुळवली आणि गप्प बसले. वही छापून निघाली — अक्षर ठसठशीत, मोकळं. सुंदर झाली होती, अजूनही मी ती कुणालाही दाखवीन. मामांनी पहिली प्रत दारातल्या उजेडात धरली. बराच वेळ बघितली.

"आता सोळा दिसतंय," ते म्हणाले. "म्हंजे त्या दिशी मलाच दिसत नव्हतं."

मी मान हलवली. हो म्हणून.

आकडा चुकला, तो कुणाचाही चुकतो. मी ती चूक गुपचूप दुरुस्त केली, आणि त्या दुरुस्तीमुळेच मामांना पटलं की आपली नजर गेली. त्यांनी नवा चष्मा केला. चार महिन्यांत दुसरा केला. फरक पडणार कसा? बिघडलेलं काहीच नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि नव्या चष्म्याची चौकशीही मी केली — "आता बरं दिसतं ना, मामा?"

याला चार वर्षं झाली. लोक अजून कागद घेऊन येतात. मामा हात लावत नाहीत. "आमचं आता काय खरं न्हाई राव, मॅडमना इचारा," म्हणतात. मग कागद माझ्याकडे येतो. मलाही आता नजरेनं कळतं — त्यांचंच बघून बघून शिकले. मी सांगते, "अकरा." पट्टी लावतात. अकराच निघतं. मामा सगळ्यांना सांगतात, "लई पक्की नजर हाय पोरीची."

आणि त्या क्षणी मला वाईट वाटत नाही. मला अभिमान वाटतो. दर वेळी वाटतो.