बिनमाणसांचा चौक

दाना वर्बोवाचे फोटो बघून परगावची माणसं हमखास विचारायची, "काय हो, तुमच्या ओलोमोउत्समध्ये कोणी राहत नाही की काय?" नगरभवन, साथीच्या काळानंतर उभारलेला तो उंच स्तंभ, हर्क्युलिसचं कारंजं, एकामागून एक चर्चं, सगळं कसं लख्ख आणि माणूस मात्र औषधाला नाही. गावातले लोक तिला चिडवायचे, "दाना, आम्हालाही येऊ दे की एकदा फोटोत!" ती म्हणायची, "या की! पाव तास हलू नका म्हणजे झालं. तुमच्याच्यानं पाव तास गप्प तरी राहवतंय का?"

यात जादू कसली आली आहे? भिंगावर गडद काच चढवायची, भोक बारीक करायचं, झाकण काढायचं आणि वाट बघत बसायचं. चालता माणूस कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचेवर उमटतच नाही. बायका पिशव्या घेऊन जातात, ट्राम जाते, पोरं सायकली दामटतात, कुणाचा मागमूस राहत नाही. जे जागचं हलत नाही तेवढंच राहतं. म्हणून मध्येच कोणी गप्पा ठोकत थांबलं की दाना डोक्यावरची टोपी काढून भिंगावर धरायची आणि तो हलला की टोपी पुन्हा डोक्यावर. ही सवय इतकी अंगात मुरली होती, की घरी शेजारीण नको तेव्हा आली तरी दानाचा हात आधी डोक्याकडे जायचा.

चौकाच्या तोंडावरच्या संग्रहालयात तिची नोकरी. जुनी भांडी, चिलखतं, चर्चमधल्या मूर्ती यांचे फोटो काढायचे आणि उन्हाळा आला की शहराच्या कॅलेंडरसाठी इमारतींचे. नवरा कधीचाच गेला होता. तिचं घर म्हणाल तर ते संग्रहालयच, आणि घरातली माणसं दोन. एक विन्सेंत, दालनांचा रखवालदार, म्हातारा आणि तोंडाळ. गणवेशाच्या खिशात इथलं ते वासाचं चीज कागदात गुंडाळून ठेवायचा आणि पाहुण्यांनी नाक मुरडलं की त्यांनाच विचारायचा, "कसला वास येतोय हो तुम्हाला?" दुसरा लुबोमिर, किल्ल्या सांभाळणारा. बोलणं कमी, पण काचेच्या पेल्यात भुकटी टाकून वर उकळतं पाणी ओतलेली त्याची कॉफी अशी, की संचालकसुद्धा खाली उतरून यायचे. तिघांची सकाळ किल्ल्यांच्या खोलीतच सुरू व्हायची.

त्या वर्षीचा एकवीस ऑगस्ट. परक्या फौजांचे रणगाडे देशात घुसले होते तो हाच दिवस. त्या दिवशी कोणी कुठे फूल ठेवायचं नाही, मेणबत्ती लावायची नाही, चार जणांनी एका जागी उभं राहायचं नाही. हे कोणी लिहून लावलं नव्हतं, पण शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

दाना सकाळीच संग्रहालयाच्या सज्जात कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून बसली होती. झाकण काढलं, चौकाकडे बघत राहिली. आणि कारंज्यापाशी विन्सेंत आला. कोटाच्या आतून त्यानं पांढऱ्या फुलांची जुडी काढली, कठड्यावर ठेवली, टोपी काढली आणि उभा राहिला. अहो, उभाच राहिला! "चल रे म्हाताऱ्या, चल," ती पुटपुटली. तो हलेना. भर चौकात, पांढऱ्या डोक्यानं, मान खाली घालून. तिचे डोळे भरून आले आणि समोरचं सगळं पाण्याआड गेलं. डोळे पुसले तेव्हा विन्सेंत निघून गेला होता आणि दानाची स्वतःची टोपी तिच्या मांडीवर होती. भिंगावर धरली होती की नुसतीच हातात चुरगळली होती? काही केल्या आठवेना.

दुपारी हाव्रान नावाचा साध्या कपड्यातला पोलीस आला. केस चापून बसवलेले, आवाज गोड.

"सकाळी चौकाचा फोटो काढलात म्हणे, बाई."

"कॅलेंडरसाठी."

"तुमचं तिकाटणं अख्ख्या चौकाला दिसत होतं. छान. आम्हाला हवा असलेला माणूस त्यात असणार."

"माझ्या फोटोत माणसं येत नाहीत हो. गावात कोणालाही विचारा."

"विचारलं. थांबलेला येतो म्हणाले." तो हसला. "काच अजून धुतली नसेल ना? मग चला, माझ्यासमोरच धुवा. मलाही शिकायला मिळेल."

आता काच फोडावी तर अंगावर येणार, हरवली म्हणावं तर हा घरझडती घेणार. दाना त्याला घेऊन डार्करूममध्ये गेली. दार लावलं, लाल दिवा लावला. एवढ्याशा खोलीत त्याच्या केसांच्या तेलाचा वास भरला. काचेवर म्हातारा उमटला तर विन्सेंत गेलाच म्हणून समजा. त्या वयात तुरुंग, आणि त्याची ती जीभ! पहिल्याच दिवशी पहारेकऱ्याला उलटं बोलेल आणि मार खाऊन मरेल.

तिनं काच डेव्हलपरच्या तबकात सोडली आणि तबक हलवायला लागली.

"किती वेळ?"

"तिला वाटेल तेवढा."

आधी आभाळ काळं झालं, कारण काचेवर सगळं उलटंच उमटतं. मग नगरभवनाचा मनोरा आला, मग स्तंभ. हाव्रान इतका वाकला की त्याचा श्वास तिच्या कानाला लागला. कारंज्याचा कठडा उमटायला लागला. दानानं तबक हलवायचं थांबवलं, मग पुन्हा हलवायला लागली. कठड्यावर जुडीचा डाग आला. आणि जुडीपुढे? काही नाही. दगडच दगड. टोपी धरली होती! तिच्या नकळत हातानं आपलं काम केलं होतं. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं, तिनं जीभ चावली.

"पाहिलंत? कोणी नाही," ती म्हणाली.

"थांबा. हे काय?"

कारंज्यामागे, कमानीच्या सावलीत, एक माणूस होता. पुसट बिसट नव्हे, अगदी ठसठशीत. पाव तास जो तिळभर हलला नसेल, असाच येतो इतका स्पष्ट. दानानं त्याला सकाळी पाहिलंच नव्हतं, तिचं सगळं लक्ष म्हाताऱ्याकडे. पण एक खांदा उतरलेला, हात पाठीशी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो कोण हे तिला सांगायला चेहरा लागत नव्हता.

लुबोमिर.

"हा तर खिडकीत होता म्हणाला," हाव्रान स्वतःशीच बोलला. "वरच्या मजल्यावरून दिसलं, चेहरा ओळखू आला नाही म्हणाला. आणि हा इथे? हाताच्या अंतरावर?"

म्हणजे चुगली करणारा हा. रोज सकाळी तिच्या हातात कॉफी देणारा हा. तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊ दे मेल्याला! घेऊन जा त्याला, धरा आणि बदडा! क्षणभर तिच्या मनात एवढंच होतं.

आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं. लुबोमिरनं सांगितलं होतं, पण नाव सांगितलं नव्हतं. दहा पावलांवरून विन्सेंतला बघून "ओळखू आला नाही" म्हणाला होता. आता या माणसानं त्याला खोटारडा म्हणून टेबलापुढे बसवलं, की तो संध्याकाळपर्यंत नाव ओकणार. लुबोमिर काही शूर नव्हे. म्हणजे काच पुन्हा विन्सेंतच्याच गळ्याशी आली.

"या लाल उजेडात डोंबल दिसतंय," हाव्रान चरफडला. त्यानं खिशातून भिंग काढलं. "तोंड नीट बघू द्या. मोठा दिवा लावू का?"

काच अजून हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या पाण्यात, पडायची होती. हायपोत मुरण्याआधी उजेड लागला की काच गेली, हे डार्करूममध्ये उभं राहणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात. दानानं आजवर एकही काच अशी घालवली नव्हती.

"लावा की," ती म्हणाली. "बटण तुमच्या मागेच आहे."

खटका पडला. पांढऱ्या उजेडात दोघांनी तबकात पाहिलं. कमान करडी झाली, कारंजं करडं झालं, मग सगळंच काळवंडत गेलं, आणि त्यात लुबोमिरही बुडाला. हाव्रान भिंग हातात धरून तसाच वाकलेला राहिला.

"हे... हे काय झालं?"

"उजेड लागला."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही साहेब माणूस. तुम्ही विचारलंत, मी हो म्हटलं." तिचा आवाज कापत होता आणि ती तो कापू देत होती. "मला वाटलं, तुमच्याकडे काही नवी पद्धत असेल."

त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. पुरावा त्यानं स्वतःच्या बोटानं जाळला होता. वरच्याला काय सांगणार? तो बराच वेळ तिच्याकडे रोखून बघत राहिला. तिनं मान खाली घातली नाही, वरही केली नाही.

"काच मुळातच खराब होती," तो शेवटी म्हणाला. "कारखान्यातून आलेली. काहीच उमटलं नाही. कळलं?"

"कळलं."

"कोणीच दिसलं नाही."

"माझ्या फोटोत कधीच कोणी दिसत नाही, साहेब."

तो गेल्यावर ती स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली. त्या काचेसाठीसुद्धा रडली, खोटं कशाला बोला. चांगली आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती किल्ल्यांच्या खोलीत गेली. विन्सेंत अजून यायचा होता. लुबोमिर पाठमोरा, किटलीपाशी. त्यानं न वळता विचारलं, "कसा आला फोटो?"

"आला नाही. काळा पडला."

त्याचे खांदे खाली आले. तिला ते दिसलं आणि तिचा पारा चढला.

"काळा पडायच्या आधी दिसलास मला," ती म्हणाली. "कमानीखाली. छान उभा होतास."

किटलीतलं पाणी पेल्याबाहेर सांडलं. तो पुसायलाही वळला नाही.

"दर आठवड्याला त्यांना बातमी म्हणून काहीतरी द्यावं लागतं, दाना," तो हळूच म्हणाला. "मुलगी मेडिकलला शिकतेय. नाही दिलं तर काढतील तिला. चौकात फुलं होती हे त्यांना कळणारच होतं. मी फक्त... नाव नाही सांगितलं. माझ्या मुलीची शपथ."

"पोरीला मध्ये आणू नकोस! शरम नाही वाटत? कॉफी पितानाचं माझं काय काय बोलणं नेऊन ओतलंस रे तिकडे आजपर्यंत? मी कुठल्या चर्चला जाते, विन्सेंत कोणाला शिव्या देतो?"

तेवढ्यात दार धाडकन उघडून विन्सेंत आला, चीजच्या वासासकट. "काय, भांडताय की लग्न ठरवताय?" त्यानं दार लावून घेतलं, दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले आणि आवाज खाली आणला. त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "ऐका, बाहेर कुठे बोलायचं नाही. तुम्ही आपली माणसं म्हणून सांगतो. कालपासून पोटात मावत नाहीये. ती चौकातली फुलं..."

"नको!" लुबोमिर ओरडला. दोन्ही हात त्यानं कानांवर दाबले, किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. "मला सांगू नका. पाया पडतो विन्सेंत, मला कधीच काही सांगू नका!"

म्हातारा बघतच राहिला. मग दानाकडे वळला. "याला काय झालं गं?"

दानानं खाली वाकून किल्ल्या उचलल्या आणि टेबलावर ठेवल्या. लुबोमिरकडे बघवत नव्हतं तिला आणि त्याला एकटं सोडूनही जाववत नव्हतं. "काही नाही," ती म्हणाली. "त्याला त्रास होतोय. बस, कॉफी घे, आणि चीजबद्दल बोल."