यादीत नसलेलं नाव

अंगात येणाऱ्या बायकांना तोंडावर हसलेली बाई आहे मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहिते.

राजारामपुरीत माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, वायरिंगचं दुकान आहे. हाताखाली सहा माणसं. कामाच्या वाटपावरून रोजचा गोंधळ, म्हणून दुकानाच्या नेटवर्कवर चालेल अशी छोटी साईट मी करून देत होते. काम टाकलं की ती मोकळा माणूस निवडणार. मंगळवार, दुपारचे तीन. काळ्या स्क्रीनवर एकेक कमांड देत दादासकट सात नावं मी स्वतः टाईप केली.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून फोन आला, पाण्याची मोटर बंद आहे. म्हटलं, हेच पहिलं काम. कमांड दिली. उत्तर आलं — काम दिले : बापू.

बापूकाका म्हणजे दादाचे वस्ताद, त्यांनीच त्याला वायरिंग शिकवलं. गेल्या वर्षी मोटर दुरुस्त करताना शॉक लागून गेले. मी यादी उघडली. नावं सातच, त्यात बापू नाही. पुन्हा कमांड दिली, पुन्हा बापू. पण मी पडले हट्टी... ते नाव पुसायची कमांड दिली. स्क्रीन म्हणाली, एक नोंद पुसली. यादीत नसलेली!

मग मी त्या कामापुढे हाताने दादाचं नाव घातलं आणि हाक मारली.

"व्हय, जाऊन येतो की," म्हणत तो पिशवी घेऊन गेला.

अर्ध्या तासाने त्या घरून फोन आला. दादाला शॉक बसला होता. मेन स्विच त्याने घरच्यांच्या देखत बंद केला होता. करंट कुठून आला, ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात दादाने डोळे उघडले. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. मी कुणाला अक्षरही बोलले नव्हते.

"अगं, बापूकाकांचं नाव का पुसलंस?"

"कोण म्हणालं तुला?"

"त्येच की. टाकीजवळ हुबं हुतं. म्हणालं, ह्ये काम माझं हुतं, तुझ्या भनीनं मला काढलं."

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. दादाला त्या हातात अजून पक्कड धरवत नाही. आणि मी त्याला तेव्हा सांगितलं, "मी कुणाचंच नाव पुसलं नाही, दादा." ते खोटं होतं.