उजवं डावीकडे, डावं उजवीकडे

माझी आत्या एका फोटो स्टुडिओत जोडचित्रं चिकटवायची. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यातून एकाच इमारतीचे दोन फोटो निघत. ते पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी लावून पेटीच्या भिंगांतून बघितले, की खांब पुढे, दालन मागे, सगळं खरंखुरं उभं राही. मेख एकच. कागदावर उजवीकडे आलेलं कापून डावीकडे लावायचं, डावं उजवीकडे. आलं तसंच लावलं, की मागचं पुढे आणि पुढचं मागे!

एवढंसं मालकांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. आणि म्हणे नामांकित फोटोग्राफर!

जुना राजवाडा पाडायचं ठरलं, तेव्हा संग्रहालयाच्या कमिटीनं त्याची साठ जोडचित्रं मागवली. मालकांचे गुडघे गेलेले. तो अवजड कॅमेरा घेऊन मनोऱ्यावर चढली कोण? आत्या. साठच्या साठ जोडचित्रं तिनं काढली. मागणं एकच, "पुठ्ठ्यामागे माझं नाव छापा."

"छापू हो बाई, नाव काय पळून जातंय?" मालक म्हणाले. मागची छपाई सगळ्यात शेवटी व्हायची.

चाळीस चिकटवून झाली आणि माझे बाबा अंथरुणाला खिळले. भावासाठी आत्या चार दिवस आमच्याकडे राहिली. जाताना बजावून आली होती, "मी येईपर्यंत हात लावू नका." पण मालकांना दम कुठला! उरलेली वीस त्यांनी आली तशी चिकटवली. कमिटीच्या साहेबांनी पेटीला डोळे लावले आणि त्यांना हसू आवरेना. आकाश पुढे, खांब भिंतीत घुसलेले.

"आमच्या बाईचा हलगर्जीपणा," मालकांनी हात झटकले.

आत्या परतली तर नोकरी गेलेली. दारातच उभी राहून ती गयावया करत होती, "वीसच द्या हो. भिजवून सोडवते, तासाभरात नीट लावते." मालकांनी दिली नाहीत. तिनं नीट केली असती, तर चूक कोणाची ते उघड झालं असतं ना!

पुढे तेवीस वर्षं तिनं लोकांचे कपडे शिवले. फोटोंचा विषय निघाला की उठून जायची. मला तेव्हा तिचा राग यायचा, आता स्वतःचा येतो.

ती गेल्यावर मी संग्रहालयात जाऊन ती चित्रं मागितली. चाळीस सुरेख चित्रांमागे मालकांचं नाव. उरलेली वीस उलटून पाहिली. त्यांच्यामागे आत्याचं नाव होतं, आडनावासकट, ठळक अक्षरांत.

मेल्यानं शब्द पाळला होता.