दाजींचं एकेक भांडं

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एका वेळी दोन गोष्टी कधी मागितल्या नाहीत. जेवायला बसले की आधी मीठ मागत. अक्का मीठ वाढून परत चुलीपाशी पोचली, टेकली, पिठाचा गोळा हातात घेतला, की बाहेरून हाक येई, "लिंबू." लिंबू आलं की कांदा. कांदा आला की तो फोडायला वरवंटा. अक्का कावून म्हणे, "आवो, येकदाच सांगा की काय काय पायजे ते!" त्यावर दाजींचं ठरलेलं उत्तर होतं: "दोन गोष्टी सांगितल्या की माणूस एक विसरतो. एक सांगितली की चिडून का होईना, आणतो." ते जामखेडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत, त्यामुळे या वाक्याला ते गुरुत्वाकर्षणाच्या शेजारी बसवत असावेत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. त्यांच्या डोक्यावर केस नावाची वस्तू नव्हती, आणि डोक्यात दुसऱ्याला शहाणं करून सोडायची हौस मावत नव्हती. लग्नात टोपी घालून बोहल्यावर चढले आणि अक्षता पडल्यावरच टोपी काढली. आमच्या वडिलांनी तो उजेड पाहिला आणि गुरुजींना विचारलं, "आता काही करता येतं का?" गुरुजी म्हणाले, "आता जेवता येतं."

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा या माणसानं घरात संगणक आणला. नळाला पाणी येईल तेव्हा येतं अशा गावात, ज्या खोलीत ज्वारीची पोती होती त्याच खोलीत, पोत्यांच्या शेजारी. त्याच्यावर नवा कोरा टॉवेल असायचा. घरच्या माणसांना फाटका आणि यंत्राला नवा, हा न्याय अक्कानं आयुष्यभर ऐकवला. त्या काळी संगणक आला की ओळखीतला कुणीतरी खिशातून सीडी काढून चोरीची विंडोज घालून देई आणि चहा पिऊन जाई. दाजींनी त्या माणसाला नुसता चहा पाजला. "माझ्या घरात चोरीचा माल चालायचा नाही," ते म्हणाले. आणि एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यांनी लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे फुकट, कायदेशीर आणि तालुक्यात कुणालाही न येणारी गोष्ट. या तीन गुणांपैकी दाजींना तिसरा सर्वात जास्त आवडला असावा.

आता मधेच एक घरगुती भानगड सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. त्या काळात अक्का आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. माझ्या लग्नात करवलीचा मान तिचा. माझ्या सासरच्यांनी मानाची साडी घातली माझ्या चुलतबहिणीच्या ओटीत. अक्का भरल्या पंगतीतून उठली. मी नवरदेवाच्या नशेत म्हणालो, "साडीच ना? दुसरी घेऊ." ती म्हणाली, "साडी कुनाला पायजे हुती?" आणि गेली. त्यानंतर राखी नाही, भाऊबीज नाही, काही नाही. आम्ही एकाच आईची लेकरं, तेव्हा हट्टही एकाच ताग्यातला. दोघंही वाट बघत होतो की समोरचं आधी फाटेल.

अशात एक दिवस माझ्या नगरच्या ऑफिसात फोन आला. मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होतो आणि आमच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये इंटरनेट होतं. होतं म्हणजे, मोडेम आधी घशात काटा अडकल्यासारखा खाकरायचा, मग लागला तर लागायचा.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "रणगाडा अडलाय."

मासिकाच्या पुढच्या अंकाच्या सीडीवर रणगाड्यांच्या लढाईचा एक खेळ आला होता. दाजींना तो चालवायचा होता. चालवायला गेलं की खेळाऐवजी एकच ओळ यायची: अमुक शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइलच नाही. दाजींनी फोनवर त्या फाइलचं नाव सांगितलं, अक्षर अक्षर, टिंबासकट. "तेवढी उतरवून फ्लॉपीवर घाला आणि रविवारी घेऊन या."

"पोस्टानं पाठवतो," मी म्हणालो.

"पोस्टानं फ्लॉपी आली तर तिचा पापड होतो. स्वतः या."

मी गेलो. फ्लॉपी रुमालात बांधून, रुमाल डब्यात ठेवून, डबा मांडीवर घेऊन नगर ते जामखेड. अक्का दारात होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, जणू मधे मी नव्हतोच, आणि आत गेली. थोड्या वेळानं चहाचा कप उंबऱ्यावर आदळला.

"तुमच्या पाव्हण्यान्ला म्हनावं, चा निवतोय."

मी हातभर अंतरावर बसलो होतो. दाजी बातम्या देणाऱ्याच्या गांभीर्यानं माझ्याकडे वळले. "चहा निवतोय म्हणतायत."

"त्यांना सांगा, घेतो."

"घेतो म्हणतायत."

हा दुभाष्याचा कार्यक्रम पुढे बरेच रविवार चालला. दाजींना त्यात इतकी गोडी वाटे की कधी कधी ते पदरचंही घालत. "घेतो म्हणतायत, आणि साखर कमी आहे म्हणतायत." मग आतून पातेलं वाजे.

त्या दिवशी दाजींनी मला लायब्ररी म्हणजे काय ते समजावलं. "गावात लग्न असलं की प्रत्येक जण स्वतःची मोठी कढई विकत घेतो का? नाही. मंदिरात सामाईक भांडी असतात, ती आणतो. संगणकातले प्रोग्रॅमही तसेच. सगळे मिळून सामाईक भांडी वापरतात. हा खेळ नव्या गावचा आहे. त्याला जी कढई लागते ती आमच्या गावाकडे नाही. बास."

मी फाइल जागेवर ठेवली. खेळ सुरू केला. पुन्हा तीच ओळ, तेच नाव. "अहो, भांडं आणून ठेवलंत, पण गावाला कोण सांगणार?" दाजी म्हणाले आणि त्यांनी एक कमांड दिली. नवं भांडं आल्याची दवंडी पिटायची ती कमांड. पुन्हा खेळ सुरू केला. या वेळी ओळ तीच, पण नाव दुसरं.

"अरेरे," दाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर अरेरे कुठंच नव्हतं. "कढई आली, आता झारा मागतोय. पुढच्या रविवारी झारा आणा."

पुढच्या रविवारी झारा नेला. खेळानं परात मागितली. परात नेली, त्यानं तिवई मागितली. नगर-जामखेड गाडीचा कंडक्टर मला ओळखायला लागला. माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बघून म्हणाला, "काय हाय ह्यात रोज रोज?" मी म्हणालो, "परात." त्यानं डबा उचलून पाहिला आणि मला हाफ तिकीट द्यावं की काय अशा नजरेनं बघितलं.

मी काही कमी बिलंदर नव्हतो. आमच्या ऑफिसातल्या संगणकवाल्याकडून मी एक युक्ती शिकून गेलो. नवी फाइल आणायचीच नाही. जी जुनी फाइल आहे तिलाच नव्या फाइलचं नाव चिकटवायचं. खेळाला काय कळतंय? आणि खरंच कळलं नाही. खेळ उघडला! तुताऱ्या वाजल्या, झेंडा फडकला, रणगाडा दिसला, आणि रणगाड्यानं पहिला गोळा टाकायला नळी वर केली तोच पडदा काळा ठिक्कर. रणगाडा, झेंडा, तुताऱ्या, सगळे एकदम शांत.

दाजी इतके खूश झाले की त्यांनी मांडीवर थाप मारली. "पातेल्यावर खडूनं कढई लिहिलं म्हणून त्यात भजी तळता येत नाहीत, पाव्हणं. खरी वस्तू लागते, आणि खरी कढई आली की ती स्वतःचं झाकणही मागणार. या पुढच्या रविवारी!" मला तेव्हाच संशय यायला हवा होता. ज्याचं काम फिसकटलं तो माणूस इतका टवटवीत दिसत नाही.

इकडे उंबऱ्यावरही प्रगती होत होती. नुसत्या चहाबरोबर पोहे यायला लागले. पुढे कप आदळायचा थांबला. मग एका रविवारी आतून हुलग्याच्या शेंगोळ्यांचा वास आला. शेंगोळे हा माझा लहानपणापासूनचा जीव. दाजींना हुलग्याचं पिठलंसुद्धा चालत नसे.

"त्यान्ला म्हनावं, उगंच केलेत. लई उरलेत."

"उगाच केलेत म्हणतायत," दाजी म्हणाले. "खोटं आहे, सकाळपासून वळतायत."

पातेलं वाजलं. मी शेंगोळे खाल्ले, मान वर न करता. मान वर केली असती तर मीच आधी फाटलो असतो.

आणि मग मी मोठा शहाणा झालो. ऑफिसातल्या त्याच संगणकवाल्यानं मला सांगितलं, "एवढे हेलपाटे कशाला घालताय? लिनक्समध्ये एल-डी-डी म्हणून कमांड आहे. खेळाला काय काय लागतं आणि त्यातलं काय काय नाही, सगळं एकदम सांगते." मी त्या रविवारी विजयी मुद्रेनं जामखेडला उतरलो. आता एका फटक्यात सगळी भांडी, आणि रविवार माझा!

"दाजी, सरका. एक कमांड आहे."

"कमांडबिमांड काही नको. शेंगदाणे खा."

"अहो, सगळी यादी एकदम येते!"

"यंत्र बिघडतं असल्यानं." विज्ञानाचा शिक्षक बोलत होता हे!

मी ऐकतो काय? मी कळफलकावर बोटं ठेवली. एक अक्षर चुकलं. पुन्हा टाइप केलं, मधली मोकळी जागा राहिली. तिसऱ्यांदा खेळाचा पत्ता चुकला. आता दाजी कसेही असले तरी मास्तर होते. विद्यार्थी फळ्यावर तिसऱ्यांदा चुकला की मास्तराच्या हाताला राहवत नाही. "अहो, असं नाही!" म्हणत त्यांनी माझा हात बाजूला केला आणि खडखडखड करून ती कमांड, खेळाच्या पूर्ण पत्त्यासकट, कळफलकाकडे न बघता ठोकून दिली.

पडद्यावर ओळी आल्या. प्रत्येक भांड्यापुढे ते कुठं आहे ते लिहिलेलं. फक्त एकापुढे लिहिलं होतं: सापडलं नाही.

मी ती ओळ वाचली, मग दाजींच्या बोटांकडे बघितलं.

"दाजी," मी म्हणालो, "तुम्हाला ही कमांड येत होती."

"हं."

"कधीपासून?"

"पहिल्या फोनच्या आधीपासून." त्यांनी टकलावरून हात फिरवला. "सगळी भांडी एकदम सांगितली असती तर तुम्ही एकदाच टेम्पो भरून आला असता, उतरवून गेला असता. मग इथं कोण आलं असतं? एकच राहिलं होतं, म्हणून म्हणत होतो, शेंगदाणे खा."

तेवढ्यात अक्का उंबरा ओलांडून आत आली. हातात उलथनं होतं.

"म्हंजी? तुमाला ठावं हुतं? आनि तुमी मुद्दाम ह्याला हेलपाटे घालायला लावले? दर आयतवारी? उनातानात? माझ्या भावाला?"

दाजींनी फक्त माझ्याकडे हळूच बघितलं. आता दुभाष्याची गरज नव्हती.

"बाळू, ऊठ तिथनं," अक्का मला म्हणाली. दोन वर्षांनी तिच्या तोंडून माझं नाव आलं, तेही खेकसून. "ह्या मानसाच्या नादी लागू नको. वाळलास बघ कसा. चल, जेवून घे." आणि मग दाराशी थांबून, पाठमोरीच म्हणाली, "त्या दिवशी तू नुसतं 'थांब अक्का' म्हनला असतास तरी थांबले असते मी."

"आत्ता म्हणतो," मी म्हणालो. "थांब अक्का."

"आता भाकरी करपंल," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

राहिलेलं भांडं मी पुढच्या रविवारी नेलं. खेळ चालला. दाजींच्या त्या यंत्रावर रणगाडा इतका सावकाश चालायचा की तो लढाईला निघालाय की जमीन मोजायला हे कळत नसे. दाजींनी एक लढाई खेळली, हरले, आणि पुन्हा टॉवेल टाकला. "मला खेळ कधी आवडलेच नाहीत," ते म्हणाले.

बरीच वर्षं गेली. दाजींना नगरच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा ते पुरते खंगले होते, पण सवय शाबूत होती. मी भेटून निघालो की म्हणत, "उद्या येताना वर्तमानपत्र आणा." दुसऱ्या दिवशी, "उद्या चष्म्याचं घर आणा." एकदा म्हणाले, "उद्या कंगवा आणा."

मी त्यांच्या डोक्याकडे बघितलं. "दाजी, कंगवा कशाला?"

"आणा तर. परवा तेल सांगायचंय."

मी कंगवा नेला. मग तेल नेलं. सगळं एकदम सांगा असं मी एकदाही म्हणालो नाही. अक्कानं ते तेल त्यांच्या टकलावर चोळलं, कंगवा फिरवला, आणि आम्ही तिघं इतके हसलो की नर्स रागावून गेली.

"आता काय आणू?" मी निघताना विचारलं.

"उद्याचं उद्या सांगतो."

ते उद्या दाजींना मिळालं नाही. पुढचं भांडं कोणतं होतं ते मला कळायचं राहूनच गेलं.

मी अजून रविवारी जामखेडला जातो. कंडक्टर बदलले, मांडीवर डबा नसतो. परवा गेलो तर अक्का दारातच बसली होती. तिला आता फारसं उठवत नाही. म्हटलं, "अक्का, नगरहून तुला काय काय लागतं ते एकदा सांगून टाक, पुढच्या खेपेला सगळं घेऊन येतो."

तिनं थोडा विचार केला.

"मीठ आन," ती म्हणाली.

"मीठ जामखेडात मिळतं. आणखी काय?"

"आधी ते तर आन," अक्का म्हणाली. "बाकीचं त्याच्या फुडल्या आयतवारी सांगते."