जिवंत मांडणी

"अंगठा सैल झालाय बघ गं. एक टाका मार."

असं म्हणून एका विश्वस्तानं चपलेसकट पाय माझ्या मांडीजवळ आणला. डोक्याला फेटा, गळ्यात हार. मी संग्रहालयाच्या फरशीवर, गोणपाटावर. हातात चामडं टोचायची आरी. भोवती शूटिंग करणारे मोबाईल.

मी कारागीर नव्हते. कॉलेजची विद्यार्थिनी होते. आमच्या कॉलेजनं कोल्हापुरातल्या एका संग्रहालयाबरोबर संग्रहालयशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला, त्यासाठी मी रोज हातकणंगल्याहून येत होते. चामड्याच्या वस्तूंच्या दालनातले सगळे माहितीफलक मी लिहिले होते. शेवटी विद्यार्थ्यांनी प्रदर्शन भरवायचं, पाहुण्यांना फिरवून दाखवायचं, त्यावर प्रात्यक्षिकाचे गुण. सगळ्या पोरी काठापदराच्या साड्या नेसून आल्या. मीही आले. उद्घाटनाच्या जरा आधी आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी गोणपाट अंथरायला लावलं. म्हणाले, तू इथं बस, मांडणी जिवंत वाटेल, तुमच्या घरात हे आहेच की.

काय आहे आमच्या घरात? अप्पा सिटी बसचे ड्रायव्हर. आई अंगणवाडीत. आजोबा गेले, त्यांच्याबरोबर आरी-रापी ही हत्यारंही गेली. आरी कशी धरतात हेही मला ठाऊक नव्हतं. सरांनी माझं आडनाव वाचलं, चांभार एवढंच त्यांना दिसलं. गुण त्यांच्या हातात. बसले.

पण तो पाय समोर आला आणि डोकं सणकलं. आरी खाली ठेवली. उठले.

"पाय मागं घ्या. मी विद्यार्थिनी हाय. मला चप्पल शिवायला येत न्हाय. आलं असतं तरी तुमची शिवली नसती."

सर धावत आले. दंड धरून मला बाजूला घेतलं आणि दम दिला, आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर प्रात्यक्षिकात नापास. शेजारच्याच दालनात सरांच्या घराण्यानं दिलेलं देवघर मांडलेलं. मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "सर, तिकडं तुमचं देवघर मांडलंय. तिथं उघड्या अंगानं तुम्ही का न्हाय बसला? ते पण जिवंत वाटलं असतं की."

"त्याची आणि ह्याची बरोबरी करू नकोस," सर म्हणाले.

सगळ्या पाहुण्यांनी ते ऐकलं. सरांचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

संध्याकाळी अप्पा म्हणाले, आधी मार्कं पदरात पाडून घे, मग काय बोलायचं ते बोल. जन्मभर त्यांनी तेच केलं. मला त्यांचाही राग आला. त्या रात्री मी जेवले नाही.

नापास केलं मला. मी कॉलेजकडे जातभेदाची तक्रार दिली. ज्या पोरींनी गंमत म्हणून मोबाईलवर शूटिंग केलं, त्यांचंच शूटिंग पुरावा म्हणून जोडलं. आता त्याच पोरी मिटवायला येतात. सरांची निवृत्ती जवळ आलीय, वयस्कर माणूस आहे, सोडून दे, म्हणतात. सर स्वतः निरोप धाडतात की पास करतो, तक्रार मागं घे.

घेणार नाही. त्यांच्या हातचं पास होणं मला नको. परीक्षा मी पुन्हा देईन, दुसऱ्या परीक्षकासमोर. चौकशीत सरांनी सांगायचं, एवढ्या पोरींतून मलाच का खाली बसवलं. माझ्या जातीचं नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं घ्यायचं, सगळ्यांच्या देखत. निवृत्तीचा हार गळ्यात पडण्याआधी हे त्यांच्याकडून वदवून घेणार. तोवर चौकशीच्या प्रत्येक तारखेला मी हजर आहे.