न जोडलेला टायमर

भुताखेतांच्या गोष्टींत मला कधीच रस नव्हता. आजही नाही. मी इलेक्ट्रिशियन आहे, राहायला कुडव्याला. गोंदियाच्या राईस मिलांमधली पॅनलं आणि मोटरी दुरुस्त करण्यात अर्धं आयुष्य गेलं. मिलमधली मोटर आपोआप सुरू झाली की हमाल लिंबू-मिरची आणायला पळतात. मी पॅनल उघडतो, आत उंदरानं कुरतडलेली वायर असते. दर वेळी असते. त्यामुळे या पानावरचे अनुभव मी वाचतो ते करमणूक म्हणून, आणि वाचता वाचता मनात म्हणतो, अरे बाबा, आधी अर्थिंग तरी तपास...

आता मीच लिहायला बसलो आहे. हसायचं असेल तर हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा.

दिवाळी आटोपली होती, लग्नसराई तोंडावर होती. सौंदडकडे हायवे सोडून आत वळलं की धानाच्या बांध्यांमधून एक मुरमाचा रस्ता जातो. त्याच्या टोकाला एक रिसॉर्ट आहे. नाव लिहीत नाही. लॉन, दहा-बारा खोल्या आणि निळ्या टाइल्सचा स्विमिंग पूल. मालक गोंदियाचा. सगळे त्याला सेठ म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्याचा फोन आला.

"पूल का पंप है और एक क्लोरीन बनाने वाली मशीन है. दोनों को टायमर पे डाल दो. सुबह-शाम अपने आप चले, अपने आप बंद हो. आदमी का झंझट नहीं चाहिए."

"आधी कोण चालवत होतं, सेठ?"

"था एक. गया वो."

"काम सोडलं का?"

"हां, वैसा ही समझो. टायमर अच्छा है यार, छुट्टी नहीं मांगता."

तो हसला. मीही हसलो. हे लिहिताना ते हसणं आठवतं आणि तोंड कडू होतं.

हे मशीन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूलच्या पाण्यात थोडं मीठ घातलेलं असतं. पाइपात बसवलेल्या मशीनमधून ते पाणी गेलं की विजेनं मिठाचं क्लोरीन बनतं. पावडर ओतायची गरज नाही. अट एकच, पंप चालू असेल तरच मशीन चालू. पाणी थांबलेलं असताना मशीन चालत राहिलं तर आत गॅस कोंडतो. म्हणून दोघांना एकाच टायमरवर घ्यायचं, म्हणजे पंप बंद की मशीन बंद. साधं काम. जेवणाआधी उरकून निघू, असा माझा हिशोब.

पंपरूम पूलच्या मागे, अर्धी जमिनीत. चार पायऱ्या उतरून जायचं. छत बुटकं, फरशी कायम ओली, पण खिडकीतून ऊन येत होतं. लख्ख दिवस होता, हे मुद्दाम सांगतो. मेन स्विच पाडला. त्याला माझं कुलूप लावलं, किल्ली खिशात. ही माझी जुनी सवय आहे. मग मीटर लावून एकेक वायर तपासली — पंपाची, मशीनची, सगळ्या मेलेल्या. नवा टायमर खोक्यातून काढून एका पालथ्या बादलीवर ठेवला. अजून त्याला एकही वायर जोडलेली नव्हती.

भिंतीवर एक जुना जॉइंट बॉक्स होता, झाकण नसलेला. आत चिकटपट्टीचं गाठोडं. पट्टी सोडवली, तारा उघड्या पडल्या. त्या वेगळ्या करायला हात पुढे केला... आणि मागे टायमर वाजला.

टक.

ज्यांना या वस्तू माहीत आहेत त्यांना कळेल मी काय म्हणतो ते. टायमरच्या आत एक बारका सेल असतो, तो फक्त घड्याळ चालू ठेवतो. टक असा आवाज येतो तो आतल्या रिलेचा, म्हणजे विजेनं ओढल्या जाणाऱ्या छोट्या स्विचचा, आणि रिले ओढायला बाहेरून वीज लागते. वायर न जोडलेला टायमर टक करू शकत नाही. दमच नसतो त्याच्यात.

मी वळून पाहिलं. स्क्रीनवर नुसतं घड्याळ. हात परत पुढे केला. टक. हात मागे घेतला, शांत. पुन्हा पुढे — टक, या वेळी जोरात. मला भीती वाटली नाही, राग आला. पीस खराब निघाला म्हटलं. खोक्यात घातला, खोकं बॅगेत, बॅगेची चेन लावली. परत तारांकडे हात नेला तर बॅगेतून टक-टक-टक-टक, थांबेचना... एखाद्या माणसाचा जीव खालीवर होत असावा तसं.

वैतागून बॅग उघडली, टायमर काढला, त्याच्या टर्मिनलवर मीटर लावलं. शून्य. म्हणजे वीज नाही, तरी वाजतोय. मीटर हातात होतंच म्हणून, खरंच फक्त हातात होतं म्हणून, ते त्या उघड्या तारांवर टेकवलं.

दोनशे तीस.

थोड्या वेळापूर्वी याच तारा मेलेल्या होत्या. मेनचं कुलूप जागेवर होतं, किल्ली माझ्या खिशात होती. माझे गुडघे ओल्या फरशीवर, डावा हात पंपाच्या लोखंडावर, आणि उजवा हात मी तिथं घालणार होतो. उठलो. पायऱ्या कशा चढलो आठवत नाही. पूलच्या काठावर येऊन बसलो.

रिसॉर्टच्या किचनमध्ये कांतामावशी काम करतात. साठीच्या असतील. चहा घेऊन आल्या.

"काऊन जी भाऊ, असे पांढरेफटक पडून राहिले? बरं नाही वाटून राहिलं का?"

मागून घरघर ऐकू येत होती. "मावशी, किचनमध्ये काय चालू आहे?"

"ग्राइंडर आहे ना जी. आताच लावला. चटणी वाटून राहिली."

डोक्यात काहीतरी हललं. त्यांना म्हटलं, बटण बंद करा. खाली उतरून मीटर लावलं, शून्य. वर ओरडलो, आता लावा. दोनशे तीस. मग सगळं उलगडलं. मशीन बसवताना कोणीतरी घाईत किचनच्या ग्राइंडरच्या बोर्डावरून एक लाईन ओढली होती आणि त्या गाठोड्यात पंपाच्या वायरीला जोडली होती. म्हणजे पंपरूमचा मेन पाडला तरी किचनमधलं बटण दाबलं की इथं करंट. परतीची तार मेननं तुटलेली, म्हणून पंप तेवढा फिरत नव्हता. अर्थिंगची वायर शोधली. ती तोडून बोर्डामागे दुमडून ठेवलेली होती. पावसाळ्यात पंपात ओल शिरली की त्याचं सगळं लोखंड जिवंत होणार, आणि तिथं भिजलेल्या पायांनी माणूस उभा राहणार.

वर आलो. मावशी तिथंच उभ्या होत्या.

"म्हणजे मेन बंद केला तरी करंट येते?"

"येते."

त्या हळूच काठावर बसल्या. "मनिराम तिथंच भेटला आमाले. पंपाजवळ. पालथा पडून होता."

तेव्हा मला कळलं, सेठचं 'गया वो' म्हणजे काय. मनिराम हा पूलवरचा माणूस, जवळच्याच गावचा. जन्मापासून मुका, पण कान तिखट. पाल्यापाचोळ्यानं पंपाची जाळी भरली की मेन पाडून ती काढून धुवायची, हे त्याचं रोजचं काम. पावसाळ्यात एका सकाळी तो खाली गेला आणि वर आला नाही. सेठनं सांगितलं हार्ट अटॅक. सगळ्यांनी मानलं.

"त्या दिवशी पाव्हणे होते," मावशी म्हणाल्या. "इडली होती. पहाटपासून ग्राइंडर..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, ते बटण मीच दाबते जी. रोज मीच."

"मावशी, दोष तुमचा नाही. ज्यानं वायर ओढली त्याचा आहे."

त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. चहाचा कप तसाच ठेवून आत गेल्या.

दुपारी सेठ आला. मी त्याला खाली नेऊन मीटर लावून दाखवलं. फोनमध्ये फोटो काढले होते, तेही दाखवले. म्हटलं, "सेठ, तुमचा माणूस करंटनं गेला."

"हार्ट अटैक था. घरवाले भी मान गए."

"मी दाखवून राहिलो ना तुम्हाला..."

"करंट लगता है तो आदमी चिल्लाता है. वो चिल्लाया क्या? किसी ने सुना क्या? चिल्लाता तो हम नहीं दौड़ते?"

"मुका होता तो, सेठ."

मला वाटलं, आता काही बोलेल. त्यानं खिशातून रुमाल काढला, मान पुसली. "देखो, जो गलत है वो ठीक कर दो. इसी के लिए तो बुलाया है. शादी का सीझन है."

निघून जावं असं फार वाटलं. पण मी गेलो असतो तर त्यानं दुसऱ्या कोणाला बोलावलं असतं, त्या माणसानं त्याच गाठोड्यावर टायमर बसवला असता आणि उद्या सकाळी मावशींनी परत ते बटण दाबलं असतं. जाळी आता बागेतला माळी धूत होता. मी राहिलो. किचनची लाईन तोडली, पंपरूमला स्वतंत्र केबल ओढली. खड्डा करून नवं अर्थिंग घातलं, करंट गळला तर क्षणात लाईन तोडणारा ब्रेकर बसवला, आणि दुसरा टायमर आणून पंप आणि मशीन त्यावर घेतलं. इतकं चोख काम मी मिलमध्येही केलं नसेल. जुन्या वायरी सेठच्या माणसांनी त्याच दिवशी गोळा करून नेल्या. कुठं, ते विचारलं तर म्हणाले, भंगारात.

नंतर मी मनिरामच्या घरी गेलो. बायकोनं, म्हणजे माझ्या बायकोनं, नको म्हटलं होतं. "कायले जाता? झालं ते झालं." पण राहवलं नाही.

त्याची बायको फुलाबाई अंगणात टोपली विणत बसली होती. मी ओळख सांगितली, वायरचं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. ती विणत राहिली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "हात काळा झाला होता त्याहिचा. मी सगळ्यायले दाखवला. कोणी पाह्यलाच नाही."

मग मी टायमरचं सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. तिचे हात थांबले.

"कसा आवाज?"

मी बोटानं टोपलीच्या काठावर टिचकी मारली. तिनं मान हलवली. मग जीभ टाळूला लावून तिनं आवाज काढला — टक. "असा?"

हुबेहूब तोच.

"बोलता येत नव्हतं ना जी. पोरीचा हात चुलीकडे गेला का असा करे. बकरी दुसऱ्याच्या वावरात शिरली का असाच. कोणी चुकून राहिलं का असाच, जोरजोरानं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते, आश्चर्यही नव्हतं.

"तुमाले वाचवलं. बरं झालं," ती म्हणाली. "आमच्याकडे एकदाबी नाही आला जी. पोरगी तापानं फणफणली तवा नाही, घराचं छप्पर उडालं तवा नाही. अनोळखी माणसासाठी आला. त्या सेठच्याच कामासाठी..."

आणि परत विणायला लागली.

माझे फोटो घेऊन ती आणि तिचा भाऊ पोलिसांत तक्रार द्यायला गेले. मीही सोबत गेलो, जे पाहिलं ते सांगितलं. टायमरचं अर्थातच नाही सांगितलं. चौकशीला वीज निरीक्षक साहेब आले, पंपरूममध्ये उतरले. मला वाटतं, प्रामाणिकपणेच आले होते. पण पाहायला काय होतं? कोरी केबल, पक्कं अर्थिंग, चकचकीत ब्रेकर. फोटोतलं गाठोडं कुठल्याही भिंतीवरचं असू शकत होतं. साहेबांनी ब्रेकरचं टेस्ट बटण दाबलं, तो खट्कन पडला. "काम उत्तम आहे," ते म्हणाले. "कोणी केलं?"

सेठनं माझ्याकडे बोट दाखवलं. हसून.

पुढे काही झालं नाही. कांतामावशींनी काम सोडलं, असं कानावर आलं. फुलाबाईकडे मी आणखी एकदा गेलो होतो. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, पोरीला घेऊन माहेरी गेली.

तो टायमर मी दुकानदाराकडे नेला. त्यानं खोलून पाहिला, म्हणाला, बिलकुल चांगला आहे, रिलेत काही दोष नाही. विजेशिवाय वाजणं शक्यच नाही. एक-दोन इंजिनिअर लोकांनाही विचारलं. कोणी म्हणालं स्प्रिंग ढिली असेल, कोणी म्हणालं तुमच्या कानाला भास झाला. भास असेल तर तो मीटरवर दोनशे तीस दिसायच्या आधी कसा झाला, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही. मी अजूनही भुतं मानत नाही, आणि त्या दिवशी मी कोणामुळे जिवंत राहिलो हेही मला सांगता येत नाही.

पण खरं सांगू, मला आता त्या आवाजाचं उत्तर नकोच आहे. हा अनुभव मी जितक्यांना सांगितला, मिलमध्ये, पानठेल्यावर, नात्यातल्या लग्नांत, ते सगळे डोळे मोठे करून एकच विचारतात. टायमर खरंच वाजला का? किती वेळ? बॅगेतूनसुद्धा?

ती वायर कोणी ओढली होती, हे आजपर्यंत एकानंही विचारलं नाही.