शिफ्टच्या यादीवरचं पत्र

भुताखेतांवर माझा विश्वास? अहो, एके काळी आमच्या कॉलनीतली निम्मी भुतं मीच होतो. फॅक्टरीत नवीन ट्रेनी रुजू झाला की बॉयलरमागे पांढरी चादर पांघरून उभं राहायचं काम माझ्याकडे असे. एक जण तर राजीनामा लिहायला बसला होता, त्याला मीच पोहे-जलेबी खायला घालून थांबवला. चादरीच्या आतून जग पाहिलेल्या माणसाला बाहेरून भीती वाटत नाही. तुमच्या या भुताखेतांच्या सदरातले अनुभव मी आजवर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवून हसत आलो आहे. तरी आज लिहायला बसलोय... हसणारांनी खुशाल हसावं, माझी हरकत नाही.

साल २०००, महिना जानेवारी, गाव देवास. मी मूळचा साताऱ्याकडचा. त्र्याऐंशी साली नोकरीसाठी इथं आलो आणि इथलाच झालो. घरात मराठी, फॅक्टरीत हिंदी आणि भांडण माळवीत, अशी आमची विभागणी. आमच्या मराठी मंडळाचं नाटक असलं की लेखक मी, दिग्दर्शक मी आणि नायकही मीच. खोड एकच — पदरची वाक्यं. लिहिलेलं म्हणता म्हणता मध्येच आपलं काहीतरी ठोकून द्यायचं. टाळी मिळाली की समोरच्या नटाचं काय होतं ते तो बघून घेईल. आमचा प्रॉम्प्टर दिगंबर, देवासातच जन्मलेला, विंगेतून पानं उलटत मला ‘भिया’, म्हणजे इथल्या बोलीत भाऊ, म्हणत शिव्या द्यायचा.

आदल्या उन्हाळ्यात कारगिल होऊन गेलं होतं. तेव्हा मंडळानं ठरवलं की या सव्वीस जानेवारीला नुसता झेंडा लावून लाडू वाटायचे नाहीत. देवास-धार भागातले आपले जे लोक लढाईवर गेले त्यांचा रीतसर सत्कार करायचा. शोधल्यावर तीन नावं निघाली. अमझेऱ्याचे एक म्हातारे सुभेदार — पासष्टच्या लढाईत त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. दुसरे देवासचेच एक हवालदार. आणि तिसरं नाव धारच्या इंदिराबाईंचं. त्यांचे यजमान एकाहत्तरच्या युद्धात गेले ते आलेच नाहीत.

आमंत्रणाला मला पाठवलं, कारण गोड बोलायची कामं माझ्याकडे.

इंदूताई — सगळे त्यांना ताईच म्हणत — तिरल्याच्या शाळेत शिकवायच्या. वय बावन्न-त्रेपन्न. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. हे पाहूनच मी सावध व्हायला हवं होतं. पण मानपत्राचा मसुदा मीच लिहिलेला, आणि तो वाचून दाखवायची मला कोण हौस. खुर्चीत पुढे सरसावून वाचला. ‘वीरपत्नी’ वर जोर दिला, ‘शहीद’ या शब्दावर आवाज थोडा थरथरवलासुद्धा.

ताईंनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली.

‘शहीद हे कुणी ठरवलं?’

त्या रागावल्या नव्हत्या. शाळेत मुलाची चूक दाखवावी तसं म्हणाल्या, ‘इकडून परत येणं झालेलं नाही, एवढंच मला ठाऊक आहे. सापडत नाहीत, असं सैन्याचं पत्र आलं होतं. पुढे काही वर्षांनी आणखी एक लखोटा आला. तो मी उघडला नाही. पेटीत आहे.’

नवऱ्याला ‘इकडून’ म्हणणारी बाई मी जुन्या नाटकांतच ऐकली होती. धारच्या जुन्या दरबारी घरांतून ते अजून शिल्लक होतं.

सत्काराला त्या यायला तयार होत्या, पण अट होती. सवाष्ण म्हणून बोलवायचं. हळदीकुंकू लावून, खणानारळानं ओटी भरायची. नाही तर तुमची शाल तुमच्यापाशी. मी शब्द दिला. परत येऊन सांगितल्यावर मंडळात कुजबुज झालीच. अठ्ठावीस वर्षं झाली, आता हे कसं दिसेल, शास्त्र काय म्हणतं... माझी बायको सुमन लाडवांचा हिशोब बाजूला ठेवून उठली आणि म्हणाली की ओटी मी भरणार आहे, तुम्ही फक्त टाळ्या वाजवा. विषय संपला.

पंचवीसला ताई आमच्याकडे मुक्कामाला आल्या. सव्वीसला सकाळी झेंडावंदन झालं, अकराला माझी एकांकिका, मग सत्कार. भर दिवसा, खिडक्यांतून ऊन आत येत होतं, पोरं मागच्या बाकांवर लाडू खात होती. पहिल्या रांगेत सुभेदार, हवालदार आणि ताई.

एकांकिका साधी होती. एका बाजूला बाकांवर कापूस पसरून केलेली बर्फातली चौकी, तिथं मी जवान. दुसऱ्या बाजूला समईपाशी माझी आई, म्हणजे कुलकर्णी वहिनी. मी आईला पत्र लिहितो आणि मोठ्यानं वाचतो. आता, स्टेजवरचं पत्र कधी खरं नसतं. वाक्यं पाठ असतात, हाताला लागेल तो कागद चालतो. त्या दिवशी माझ्या खिशात फॅक्टरीतली पुढच्या आठवड्याची शिफ्टची यादी होती. एका बाजूला नावं टाइप केलेली, दुसरी बाजू कोरी. कोरी बाजू माझ्याकडे धरली.

वाक्य होतं, ‘तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.’ तालमीत शंभरदा म्हटलेलं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो —

‘शकू,’

बघा, मी गोष्ट रंगवणारा माणूस आहे. वारं सुटलं असतं, समई विझली असती, अंगावर काटा आला असता, तर मी ते सोडलं नसतं. यातलं काहीही झालं नाही. मी वाचत होतो, बस. डोळे एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जात होते. मध्ये एक शब्द लागेना म्हणून मी कागद जरा जवळही घेतला.

‘शकू, डबा रागानं ठेवून आलो नाही. विसरलो. नाक्यावर पोचल्यावर आठवण झाली, पण मोटार लागलेली होती. दशम्या तू खाल्ल्यास की टाकल्यास? तू म्हणालीस ते मी मनावर घेतलं नाही. त्यामुळं यायचा राहिलो असं समजू नकोस. मी निघालो होतो. नदीपर्यंत आलो होतो. पाणी फार गार होतं. आता दाराला कडी घालून झोपत जा.’

पुढे ओळ नव्हती.

विंगेतून दिगंबर कुजबुजला, ‘भिया, ये कहाँ से पढ़ रहे हो?’ कुलकर्णी वहिनींना आपलं वाक्य सापडेना. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. मागून टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, आज भियानं पदरचं लांबलचक ठोकलं, पण काय ठोकलं. मी कसाबसा मूळ वाक्यांवर आलो आणि नाटक संपवलं. पहिल्या रांगेत ताईंनी टाळी वाजवली नव्हती. खांद्यावरून पदर घेऊन त्या ताठ बसल्या होत्या.

मग सत्कार. सुभेदारांना शाल दिली तेव्हा सभागृह उभं राहिलं, हवालदारांच्या वेळीही. मग मी माइकवरून ताईंचं नाव घेतलं, ठरल्याप्रमाणे ‘सौभाग्यवती’ म्हणून. त्या वर आल्या. सुमन तबक घेऊन पुढे झाली. हळद लावली. कुंकवाच्या करंड्यात बोट घातलं, आणि ताईंनी तिचं मनगट धरलं.

माइक माझ्या हातात होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

‘कुंकू राहू दे, सुमन.’

सुमनला वाटलं, त्या लोकांना बिचकल्या. ती म्हणाली, ‘असं काय ताई, आपलं ठरलंय ना.’

‘ठरलं होतं,’ ताई म्हणाल्या. ‘आता पत्र आलं.’

कुणाला काही कळलं नव्हतं आणि तरी सगळ्यांना कळलं होतं. सुमनचं बोट तसंच हवेत, लाल. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुभेदार उठले होते. त्यांनी पाय जुळवले आणि उरलेल्या दोन बोटांचा हात कपाळाशी नेऊन ताईंना सॅल्यूट केला. किती वेळ उभे होते सांगता येत नाही. ताईंनी पदर पुढे केला, खण-नारळ घेतला. शालही घेतली. म्हणाल्या, ‘ही त्यांची आहे, ती घेते.’ पहिल्यांदाच ‘इकडची’ म्हणाल्या नाहीत, हे सुमनच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

मी मेकअप पुसत होतो तेव्हा त्या आत आल्या. दार लोटून घेतलं. मी उभा राहिलो. आता मला फटकारणार, असं मला वाटलं. फटकारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या सांगू लागल्या. शकुंतला हे त्यांचं माहेरचं नाव, देवासजवळच्या हाटपिपल्याचं. लग्नात बदललं. सासरी कुणी घेत नसे. दोघंच असले की फक्त यजमान शकू म्हणायचे. त्यांची रजा अर्ध्यात मोडली, परत बोलावणं आलं, आणि ताईंचं वय होतं तेवीस-चोवीस. रागाच्या भरात बोलून गेल्या होत्या, जायचंच असेल तर परत येऊ नका. दशम्यांचा डबा फळीवर राहिला. तो त्यांनी रागानं ठेवला, हेच ताई अठ्ठावीस वर्षं धरून चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दशम्या गाईला घातल्या. रात्री कधी कडी लावली नाही, नुसतं दार ओढून घेतलं.

‘हे मी देवापुढेही बोललेले नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्हाला कुणी सांगितलं, असं मी विचारत नाही. आणखी काही होतं का त्यात?’

काय सांगू तुम्हाला. मी हवं ते म्हणू शकलो असतो. तुझी फार आठवण येते, म्हणू शकलो असतो. त्या उभ्या राहून वाट पाहत होत्या.

‘नाही ताई. एवढंच होतं.’

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. नावांची बाजू पाहिली. मग कोरी बाजू पाहिली, बराच वेळ.

‘अक्षर कसं होतं?’

‘डावीकडं झुकलेलं,’ मी म्हणालो. विचार न करता म्हणालो, आणि म्हटल्यावर त्यांच्या हातातल्या कोऱ्या कागदाकडे वाकून पाहिलं.

त्यांनी मान हलवली. कागदाची घडी करून ओटीतल्या खणात गुंडाळून ठेवली. (सोमवारी पाळ्यांचा असा काही गोंधळ झाला की सुपरवायझरनं मला केबिनमध्ये बोलावलं. यादी कुठं गेली म्हणाला. मी म्हटलं, साहेब, हरवली. खोटं बोलायची मला सवय होती, पण ते नीट जमलं नाही.)

दुपारी मित्राच्या व्हॅनमधून ताईंना सोडायला निघालो. सुमनही आली. इंदूर मागे पडलं. मग ताई बोलू लागल्या, नवऱ्याबद्दल. त्यांना ताकातली भाजी आवडायची, सायकल चालवताना ते शीळ घालायचे, पण रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की ती थांबवायचे. सुमन ऐकत होती. मी आरशात पाहिलं तर ताईंच्या मांडीवर ती शाल होती, घडी न मोडलेली.

धारला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांनी कुलूप काढलं. मला वाटलं, चहा घ्या म्हणतील, आणि मला घ्यायचा होता. त्यांना त्या घरात एकटं सोडून जायला पाय उचलत नव्हता. त्यांनी उंबरठ्यात उभं राहून सुमनच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘निघा आता. घरी वाट बघत असतील.’

आठ वर्षं झाली त्याला. ताई निवृत्त झाल्या, कधी भेटतात, माझ्याशी नीट बोलतात. तो विषय निघत नाही. दिगंबर म्हणतो, भिया, हाटपिपल्याची किती तरी माणसं आपल्या फॅक्टरीत आहेत, कधीतरी कुणाकडून कानावर पडलं असेल, डोक्यात राहिलं असेल, त्या दिवशी बाहेर आलं. असेलही. पण ज्या गोष्टी ताईंनी देवालाही सांगितल्या नाहीत त्या हाटपिपल्यात कशा पोचल्या, असं विचारलं की तो विषय बदलतो. सुमननं एकदाच विचारलं होतं, भाकऱ्या थापता थापता, माझ्याकडे न बघता, ‘तुम्ही बनवलं नव्हतं ना हो?’ मी तिची शपथ घेऊन नाही म्हटलं. तिनं विश्वास ठेवला. मी अजून ठेवू पाहतोय.

कारण उत्तरं दोनच आहेत. ते शब्द माझे नसतील, तर तो माणूस तिकडं कुठल्या तरी नदीच्या गार पाण्यात राहिला. आणि माझे असतील, तर अठ्ठावीस वर्षं जिवंत असलेल्या त्या माणसाला त्या दुपारी, टाळ्यांच्या गजरात, मी मारलं. यातलं खरं कुठलं, हे मला आजही ठाऊक नाही.